रिकामी दिसणारी पुळण

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. बसची वेळ सरकत नाही. समुद्रापासून पाच किलोमीटर आत बांधलेल्या पक्क्या घरात एखाद्या मच्छीमार कुटुंबाला हलवलं, तर त्यांचं काय बिघडलं हे समजायला एवढं गणित पुरतं. आज पहाटे तीनला होडी पाण्यात लोटायची असेल, तर उद्या चारच्या सुमाराला, आणि आठवड्याने जवळपास सकाळी नऊला. दर वेळी नव्या वेळेला किनाऱ्यावर पोचायचं कसं? रात्री जाळ्यांवर नजर कुणी ठेवायची? वारा फिरला हे पाच किलोमीटरवर कळणार कसं? नवं घर चांगलं असेल, छप्पर गळत नसेल, नळाला पाणीही येत असेल. धंदा मात्र बसतो.

पर्यटनामुळे मच्छीमार विस्थापित होतात असं म्हटलं की डोळ्यांपुढे बुलडोझर येतो. तो येतोही कधी कधी. पण बहुतेक ठिकाणी तो सगळ्यात शेवटी येतो, आणि पुष्कळदा त्याला यायची गरजच उरत नाही. आधी वाट जाते, मग होडी ओढायची जागा, मग पाणी, मग शेजार. घर त्यानंतर जातं, आणि तोवर ते राखण्यात फारसा अर्थ उरलेला नसतो.

हे असं का घडतं याचं माझ्या मते एक मूळ कारण आहे. मच्छीमाराला किनारा राहण्यासाठी लागतो, पण त्याआधी तो काम करण्यासाठी लागतो. किनारा हे त्याचं अवजार आहे, होडी आणि जाळ्याइतकंच. जमिनीचे कायदे, नकाशे आणि नुकसानभरपाईचे तक्ते या तिन्हींना हे अवजार दिसत नाही. त्यांना मोकळी जमीन दिसते.

किनारा कशाला लागतो

दुपारी बारा वाजता मच्छीमारांच्या पुळणीवर जाऊन उभं राहा. फारसं काही नसतं. पालथ्या घातलेल्या दोन-चार होड्या, दोरखंडाचं एक भेंडोळं, सावली शोधून झोपलेलं कुत्रं. बाहेरच्या माणसाला वाटतं, केवढी जागा पडून आहे! हीच पुळण होड्या परतायच्या वेळी पाहिली तर पाय ठेवायला जागा नसते. मासळी उतरवायची, निवडायची, तिचा लिलाव करायचा, टोपल्या भरून बाजाराकडे धाडायच्या, हे सगळं तास-दोन तासांत उरकावं लागतं, कारण मासळी थांबत नाही. उरलेल्या दिवसात त्याच वाळूवर जाळी पसरायची, फाटलेली विणायची, होडीचं बूड खरवडायचं, मासळी सुकत घालायची.

आणखी एक उपयोग वर्षातून मोजक्या दिवशीच दिसतो. वादळाचा इशारा आला की सगळ्या होड्या भरतीच्या रेषेपासून खूप वर ओढून न्याव्या लागतात. पुळणीमागची वाळूची टेकाडं आणि झुडपांची पट्टी वर्षभर खरोखरच मोकळी असते, ती या दोन-चार रात्रींसाठी. अग्निशमन दलाचा बंब बहुतेक वेळ नुसता उभा असतो म्हणून कुणी तो मोडीत काढत नाही. टेकाडांवर मात्र पहिलं रिसॉर्ट उभं राहतं, कारण तिथून सूर्यास्त छान दिसतो.

रापणीला तर मोकळी पुळण लागतेच लागते. एक होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फेरा मारते, जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर असतात, आणि वीस-तीस माणसं दोन्ही दोर तासन्‌तास ओढत जाळं जमिनीवर आणतात. त्यासाठी काहीशे मीटर सलग, अडथळा नसलेली वाळू हवी. तिथे छत्र्या आणि खुर्च्यांची एक रांग आली, चार माणसं पोहायला उतरली, की रापण थांबली. त्यासाठी बंदी घालावी लागत नाही. ‘पाहुणे असताना नको’ एवढंच सांगितलं जातं, आणि पाहुणे पुळणीवर नेमके मोसमाच्या दिवसांत असतात. श्रीलंकेच्या वायव्येला कल्पिटिया द्वीपकल्पात १४ बेटांना धरून मोठा पर्यटन प्रकल्प आखला गेला, तेव्हा तिथल्या मच्छीमारांच्या तक्रारींत हीच गोष्ट होती. रापणीच्या जागा तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत, कुणाची पाळी कधी हेही ठरलेलं आहे. गावातल्या पोराला हा हिशोब ठाऊक असतो. नकाशावर तो नसतो.

यातलं बरंचसं काम बायका करतात, आणि तेच सगळ्यात आधी नजरेआड होतं. मच्छीमार म्हटलं की होडीतला पुरुष मोजला जातो. निवडणं, सुकवणं, विकणं, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या भागात शिंपल्या-खेकडे गोळा करणं, हे सगळं जमिनीवरचं काम आहे. होडीवाल्याला कदाचित दुसरीकडे नांगर टाकता येईल. पण वाळवणाची जागा गेली की मासळी सुकवणारीचा धंदा त्या दिवशीच संपतो, आणि भरपाईच्या यादीत तिचं नाव बहुधा नसतं, कारण तिच्याकडे होडीचा परवानाही नसतो आणि जमिनीचा कागदही.

हा सगळा पसारा किती मोठा आहे? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२३ मध्ये सहयोगी संस्थांसह काढलेल्या अभ्यासानुसार, नैसर्गिक पाण्यातून जगात जेवढी मासळी पकडली जाते त्यातली किमान ४० टक्के लहान मच्छीमार पकडतात, आणि या मासेमारीशी जोडलेल्या कामकऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक याच लहान धंद्यात आहेत. म्हणजे एखाद्या गावाचा हळवा प्रश्न म्हणून बाजूला ठेवावा असा हा विषय नाही.

हद्द वाढली आणि जमीन गेली

जमीन हातची जाण्याचे प्रकार बरेच आहेत. सगळ्यात शिकवणारा मला होंडुरासचा वाटतो, कारण त्यात प्रत्येक पायरी कागदोपत्री दिसते.

होंडुरासच्या कॅरिबियन किनाऱ्यावर गारिफुना लोक राहतात. आफ्रिकी आणि मूळ कॅरिबियन वंशांच्या मिश्रणातून हा समाज घडला. ब्रिटिशांनी त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून हद्दपार केलं आणि १७९७ मध्ये ते या बाजूला आले. मासेमारी आणि थोडी शेती, जमीन सामाईक. होंडुरासच्या राज्यघटनेत एक कडक कलम आहे: किनाऱ्यापासून ४० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची मालकी घेता येत नाही. वाचताना वाटतं, झालं, किनारा सुरक्षित. मग १९९० मध्ये एक कायदा आला. किनारपट्टीवरच्या शहरी भागात पर्यटनासाठी परदेशी लोकांना जमीन घेता येईल, असं त्यात म्हटलं. आता सगळा प्रश्न उरला तो ‘शहरी भाग’ कशाला म्हणायचं याचा.

तेला शहराजवळ त्रियुन्फो दे ला क्रुस नावाचं गारिफुना गाव आहे. तेलाच्या नगरपालिकेने १९८९ मध्ये आपली हद्द वाढवून घेतली, आणि गावाची परंपरागत जमीन शहराच्या हद्दीत आली. पुढच्या काही वर्षांत त्यातले तुकडे पर्यटन प्रकल्पासाठी खासगी कंपनीला विकले गेले. हद्द वाढवायला कुणाच्या दारात पोलीस पाठवावे लागले नाहीत, कुणाचं छप्पर उतरवावं लागलं नाही. नकाशावरची एक रेघ सरकली. मासे पकडणारी माणसं होती तिथेच होती, त्यांच्या पायाखालची जमीन मात्र दुसऱ्या कायद्याखाली गेली.

गावाने दाद मागितली. प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये निकाल लागला: होंडुरासने गावाच्या सामुदायिक मालकीचा भंग केला आहे, आणि गावाला न विचारता हे केलं गेलं. निकाल गारिफुनांच्या बाजूने, स्पष्ट शब्दांत. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. जुलै २०२० मध्ये गणवेशातल्या हत्यारबंद लोकांनी याच गावातून गावाच्या प्रमुखासह काही तरुणांना उचलून नेलं आणि ते परत आले नाहीत. किनाऱ्याच्या जमिनीचं मोल काय असतं ते इथे कळतं.

थायलंडमधल्या फुकेत बेटावर याच्या उलट बाजूचा एक खटला झाला. रावाई पुळणीवर ‘चाओ ले’, म्हणजे समुद्राची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जमिनीचे कागद वाटले गेले तेव्हा यांनी ते घेतले नाहीत, काहींना वाचताच येत नव्हते, आणि समुद्रावर जगणाऱ्याला जमिनीच्या कागदाची गरज काय हेही उमगत नव्हतं. फुकेत पर्यटनाने भरभराटीला आलं तसे कागदवाले मालक उगवले आणि घरं खाली करायचे दावे लावू लागले. २०१६ च्या जानेवारीत तर पुळणीकडे जाणारी वाट अडवण्यावरून मोठी मारामारी झाली, कितीतरी लोक जखमी झाले. पण आपण इथे आधीपासून होतो हे सिद्ध करायचं कसं? पुरावे जमवले ते असे: राजा भूमिबोल यांनी १९५९ मध्ये या वस्तीला भेट दिली तेव्हाची छायाचित्रं, आणि घरांखालच्या जमिनीत पुरलेल्या पूर्वजांची हाडं, जी रहिवाशांशी जुळतात का हे डीएनए तपासणीने पाहिलं गेलं. २०१७ मध्ये फुकेतच्या न्यायालयाने घरं खाली करायचा दावा फेटाळला. ज्याच्याकडे कागद आहे त्याला फक्त कागद दाखवायचा असतो. ज्याच्याकडे नाही त्याला आजोबांची हाडं उकरावी लागतात.

जमैकात गुंतागुंत वेगळी. १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्याने भरती-ओहोटीच्या पट्ट्याची मालकी सरकारकडे गेली. मच्छीमारांच्या हक्कांसाठी त्यात अपवाद ठेवला आहे, पण तो कायदा लागू होण्याआधीपासून चालत आलेल्या हक्कांना. त्यानंतर जन्मलेल्या नातवाने तो हक्क सिद्ध करायचा तर कसा, हे कायदा सांगत नाही.

आपत्तीनंतरचे नियम

किनाऱ्यापासून अमुक मीटर बांधकाम नको, असा नियम बहुतेक देशांत असतो, आणि तो असायलाही हवा. लाटा येतात, किनारा झिजतो. अडचण नियमात नसते, तो कुणाला लागू होतो यात असते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंका सरकारने बफर झोन जाहीर केला: दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर १०० मीटर, उत्तर आणि पूर्वेला २०० मीटर. त्याच्या आत घर पुन्हा बांधायचं नाही. कारण दिलं ते लोकांच्या सुरक्षिततेचं. पण त्याच पट्ट्यातल्या हॉटेलांना आणि पर्यटन व्यवसायांना दुरुस्ती करून उभं राहायची सवलत मिळाली. लाट हॉटेलात राहणाऱ्याला ओळखून वळसा घालते असं अर्थातच कुणाचं म्हणणं नव्हतं. पुढे ओरड झाली, अंतरं कमी केली गेली, पण मधल्या काळात पुष्कळ कुटुंबं आतल्या वसाहतींमध्ये गेली होती.

फिलिपाइन्समध्ये नोव्हेंबर २०१३ च्या हैयान वादळानंतर किनाऱ्यापासून ४० मीटरचा बांधकामबंदी पट्टा जाहीर झाला. सिकोगोन बेटावर पर्यटन प्रकल्पाची तयारी चालू होती. तिथल्या वादळग्रस्त मच्छीमारांपुढे जे पर्याय आले त्यांत रोख रक्कम आणि बेटाबाहेरचं घर हे होते. ज्याची होडी आणि छप्पर दोन्ही गेलंय त्याच्यापुढे रोख रक्कम ठेवली, तर तो निवड करतोय असं म्हणायला जीभ वळत नाही.

बार्बुडाचं उदाहरण यांहूनही टोकाचं. या छोट्या कॅरिबियन बेटावर १८३४ साली गुलामगिरी संपल्यापासून जमीन लोकांनी सामाईक वापरली. २००७ च्या कायद्याने या पद्धतीवर शिक्कामोर्तबही झालं: जमीन बार्बुडाच्या लोकांची, विक्री नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने बेट उद्ध्वस्त केलं आणि सगळीच्या सगळी वस्ती शेजारच्या अँटिग्वात हलवावी लागली. बेट रिकामं असतानाच, त्याच वर्षी, जमिनीचा कायदा बदलायची प्रक्रिया सुरू झाली. आता तिथल्या पाणथळ किनाऱ्यालगत श्रीमंतांसाठी गोल्फचं मैदान आणि बंगले आले आहेत. बेटावरच्या रहिवाशांची तक्रार शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली, कारण अँटिग्वा आणि बार्बुडा मिळून जो देश आहे, त्याचं अंतिम अपील अजून तिथेच चालतं. २०२२ मध्ये निकाल आला: सामाईक जमिनीतला हा हक्क राज्यघटनेने संरक्षण दिलेल्या मालमत्तेत बसत नाही. जवळपास दोन शतकांची वहिवाट, आणि ती मालमत्ता नाही.

भारताचा किनारी नियमनाचा कायदाही हेच दाखवतो. १९९१ मध्ये पहिली अधिसूचना निघाली तेव्हा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर नवं बांधकाम नको, असं होतं. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात हे अंतर ५० मीटरवर आणलं आणि पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाट दिली. या सवलतीचा मच्छीमाराला घर वाढवायला उपयोग होतो हे खरं आहे. पण ५० आणि २०० मीटरमधल्या जागेवर आता बांधता येऊ लागलं म्हणून ती विकत घेण्याजोगी झाली, आणि खरेदीत जास्त पैसेवाला जिंकतो.

बंदी न घालता

आतापर्यंतची उदाहरणं न्यायालयात पोचली किंवा कायद्यांत आणि सरकारी आदेशांत उमटली, म्हणून आपल्याला माहीत आहेत. बाकीचं बहुतेक विस्थापन इतकं सावकाश होतं की त्याची फिर्याद कुठे करावी तेच कळत नाही.

वाटेचं बघा. पुष्कळ देशांत पुळण सार्वजनिक आहे, मेक्सिकोतही आहे. पण पुळणीवर पोचायची वाट खासगी जमिनीतून जाते. दोन हॉटेलांच्या भिंती शेजारी-शेजारी आल्या की मधली पायवाट संपते, आणि पुळण कायद्याने सगळ्यांची राहूनही कुणालाच तिथे जाता येत नाही. मेक्सिकोला २०२० मध्ये कायदा बदलून वाट अडवणाऱ्यांना दंडाची तरतूद करावी लागली, यावरून आधी काय चाललं होतं ते कळतं. पर्यटकाला वळसा घालून जाता येतं. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे अर्धी मासळी नरम.

मग भिंती आणि बंधारे. किनाऱ्याची वाळू एका जागी बसलेली नसते, लाटांबरोबर ती किनाऱ्याला समांतर सरकत राहते. हॉटेलने आपली पुळण वाचवायला दगडी बांध घातला की वाळू त्याच्या एका बाजूला साठते आणि दुसऱ्या बाजूला येईनाशी होते. म्हणजे एका पुळणीची धूप शेजारच्या पुळणीवर ढकलली जाते. शेजारी मच्छीमारांची वस्ती असेल तर तिची पुळण दरवर्षी अरुंद होत जाते आणि मग अधिकारी येऊन सांगतात, इथे राहणं धोक्याचं आहे. समोरून समुद्र, मागून कुंपण.

गोड्या पाण्याचंही असंच. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा, की समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं. त्यामुळे वरची पातळी उपशाने थोडीशी उतरली तरी खालचं खारं पाणी खूप वर चढतं. खोल बोअर मारून बाग आणि तरणतलाव चालवणाऱ्याला हे उशिरा कळतं. उथळ विहिरीवाल्याला चहाच्या पहिल्या घोटात कळतं.

जमिनीचे भाव वाढतात, त्याबरोबर भाडं, मग कर. ज्याच्या नावावर घर आहे तो विकून जातो, खुशीनेही जातो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण होडीवर चार-पाच माणसं लागतात. दोन विकून गेले तर उरलेल्या तिघांची होडी किनाऱ्यावरच राहते. बर्फवाला, इंजिन दुरुस्त करणारा, लिलावाला येणारा व्यापारी, या सगळ्यांना किमान काही होड्या असल्याशिवाय तिथे येणं परवडत नाही. एका मर्यादेनंतर धंदा एकदम कोसळतो, आणि बाहेरून दिसतं ते इतकंच, की लोकांनी आपण होऊन मासेमारी सोडली.

पाणीही वाटून घेतलं जातं

जमिनीबद्दल निदान बोललं तरी जातं. समुद्रातल्या जागांचं काय? स्नॉर्केलिंगचं क्षेत्र, जेट स्कीची पट्टी, बोटींचा मार्ग, संरक्षित उद्यान. प्रत्येक आखणी स्वतंत्रपणे पाहिली तर समजण्यासारखी असते. एकत्र केल्या की लहान होडीच्या आवाक्यातला उथळ समुद्र भरून जातो, आणि उरतो तो खोल समुद्र, जिथे तिने जाऊ नये.

थायलंडच्या सुरिन बेटांवर मोकेन लोक पूर्वी वर्षातला बराच काळ होड्यांतच राहत, बेटाबेटांमधून फिरत. १९८१ मध्ये ही बेटं राष्ट्रीय उद्यान झाली. पर्यटक प्रवाळ बघायला येऊ लागले. मोकेनांची ‘काबांग’ नावाची होडी मोठं झाड तोडून बनते, आणि उद्यानात झाड तोडायला मनाई. होडी नाही म्हणून फिरणं नाही, आणि त्सुनामीनंतर सगळ्यांची वस्ती एकाच ठिकाणी बसवली गेली. तिथे आता पर्यटक वस्ती पाहायलाही येतात. संवर्धनाला माझा विरोध नाही, प्रवाळ जगायलाच हवं. पण त्याच पाण्यात पर्यटकांच्या वेगवान बोटी चालतात आणि काबांगसाठी एक खोड मिळत नाही, याला मी संवर्धन म्हणणार नाही.

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर तर शेतीच समुद्रात आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे ओहोटीच्या उथळ पाण्यात खुंट्या रोवून, दोऱ्या ताणून समुद्री शेवाळाची लागवड होते, आणि ती मुख्यतः बायका करतात. पाजेसारख्या गावांत तेच उथळ पाणी पतंगाच्या जोरावर लाटांवर सरकण्याच्या खेळाला फार सोयीचं निघालं. खुंट्या कुणाच्या मार्गात येतात, की खेळणारे शेतात येतात, हे कुणाच्या बाजूने पाहता त्यावर आहे.

पण रोजगार मिळतो ना?

मिळतो. काहींना चांगला मिळतो, आणि कित्येक मच्छीमारांच्या मुलांना होडीवर जायचंच नसतं. पहाटे तीनला उठून रिकामं जाळं घेऊन परतण्यापेक्षा महिन्याचा ठरलेला पगार बरा, असं कुणी म्हटलं तर त्यात चूक काय? शिवाय मासेच कमी झालेत, आणि त्याला पर्यटनापेक्षा मोठे ट्रॉलर आणि तापणारा समुद्र जास्त जबाबदार आहेत. हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो.

अडचण अशी की नोकरी आणि जागा यांची अदलाबदल बरोबरीची नसते. हॉटेलात काम मिळतं ते एकाला, तेही तरुण आणि परकी भाषा बोलणाऱ्याला. किनारा जातो तो सगळ्यांचा. आणि नोकरी गेली तर मासेमारीकडे परतायला किनारा उरलेला असावा लागतो. २०१९ मध्ये जगात सुमारे दीड अब्ज वेळा लोक परदेशी फिरायला गेले. २०२० मध्ये, महामारीच्या वर्षी, हा आकडा ७० टक्क्यांहून जास्त घसरला. बालीजवळच्या नुसा लेम्बोंगान बेटावरच्या लोकांनी पर्यटन आल्यावर समुद्री शेवाळाची लागवड जवळपास सोडून दिली होती. पाहुणे थांबले तेव्हा ते पुन्हा पाण्यात उतरले. त्यांना उतरता आलं, कारण उथळ पाणी अजून त्यांच्या आवाक्यात होतं.

हक्क आधी, पाहुणे नंतर

अन्न व कृषी संघटनेच्या सदस्य देशांनी २०१४ मध्ये लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. मनमानी करून मच्छीमार वस्त्या हटवू नयेत, आणि त्यांच्याशी जागेसाठी स्पर्धा करणाऱ्या क्षेत्रांमध्ये पर्यटनही आहे, हे त्यात थेट म्हटलंय. तत्त्वं ऐच्छिक आहेत. म्हणजे न पाळणाऱ्याला काही होत नाही.

चिलीने २०१७ मध्ये यापेक्षा ठोस काम केलं. मच्छीमार होड्या लावतात त्या छोट्या धक्क्यांना तिथे ‘कालेता’ म्हणतात. नव्या कायद्याने कालेता मच्छीमारांच्या संघटनांकडे सोपवण्याची सोय केली, आणि तिथे मासळी उतरवण्याबरोबर खानावळ चालवायला, पर्यटकांना फिरवायलाही मुभा दिली. इथे होडीच्या जागेचा निर्णय होडीवाल्याकडे आहे, आणि पाहुणा आला तर त्याच्याकडून येतो.

ब्राझीलच्या सेआरा राज्यात प्रायन्या दो कांतो व्हेर्दे नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथे ‘जांगाडा’ चालते, शिडाचा लाकडी तराफा, इंजिन नाही. जमीन बळकावण्याचे प्रयत्न आणि मोठ्या बोटींची मासेमारी यांच्याविरुद्ध १९९३ मध्ये गावातली माणसं जांगाडा घेऊन निघाली आणि आठवड्यामागून आठवडे किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करत रिओ द जानेरोला पोचली. त्या प्रवासाने गावाचं नाव देशभर झालं. बाहेरच्यांना जमीन विकायची नाही, असं गावाने ठरवलं. पाहुण्यांच्या खोल्या आणि जेवणाची सोय गावकऱ्यांनी स्वतः सुरू केली. २००९ मध्ये सरकारने हा किनारा आणि समोरचा समुद्र मिळून राखीव क्षेत्र घोषित केलं, ज्यात तिथल्या लोकांचा वापर हाच राखण्याचा भाग आहे.

राखीव क्षेत्र झालं म्हणून सगळे खूश झाले असं नाही. जमीन सामाईक राहिली म्हणजे आपल्या घराची आपल्याला हवी तशी विक्री करता येत नाही, आणि हे मान्य नसलेला एक गट गावातच आहे. त्यांच्याशी वाद चालू असतो. जांगाडा मात्र वाळूवर ओढून ठेवायला अजून जागा आहे.